आबांची कयाक आणि माझा नारळ

दौंडच्या रेल्वे कॉलनीत होडी बांधणारा पहिला माणूस मी. माझं काम पाहिल्यावर दुसऱ्या कुणाची हिंमत झाली नाही. (नोकरी पार्सल ऑफिसात, लाकडाशी माझा संबंध टेबलापुरता.)

नव्वदच्या दशकाची अखेर. आबा, म्हणजे माझे वडील, निवृत्त इंजिन ड्रायव्हर. भीमेवरच्या रेल्वे पुलावरून त्यांनी जन्मभर गाड्या नेल्या आणि आता एकच ध्यास घेतला होता. "पूल वरनं लई बगितला. एकदा खालनं बगायचाय." पण गुडघे गेलेले, काठावरच्या चिखलातून पुलाखाली पोचणार कसे? जहाजावर नोकरीला असलेल्या माझ्या मेहुण्याने हे ऐकलं आणि परदेशातून एक लांबलचक खोकंच पाठवून दिलं. आत कापून तयार केलेल्या पातळ प्लायवूडच्या फळ्या, तांब्याची तार आणि चिकटवायचं रसायन. फळ्या तारेने शिवायच्या, सांधे चिकटवायचे, की झाली कयाक, एका माणसाची वल्ह्याची होडी!

शिवणकाम माझ्या बायकोने, सुनंदाने केलं. (मीही केलं होतं. माझे टाके तिने उसवले.) आबा रोज दुपारी जेवून व्हरांड्यातल्या त्या अर्धवट होडीत जाऊन बसायचे, डोळे मिटून वल्हं हलवायचे. पेरूच्या झाडाची सावली त्यांच्या अंगावरून पाण्यासारखी सरकत राहायची. बघता बघता मलाही उंबऱ्यावर बसल्या बसल्या भीमा दिसू लागायची, गार वारा लागायचा आणि ऑफिसला उशीर व्हायचा. किती सुखाच्या दुपारी होत्या त्या!

शेवटी एका रविवारी टेम्पोतून होडी नदीवर नेली. निम्मी कॉलनी मागोमाग आली. आमच्या घरात नवं वाहन नारळ फोडल्याशिवाय जागचं हलत नाही. सुनंदाने होडीला हळदकुंकू लावलं, नारळ माझ्या हातात दिला. पण फोडायला चिखलात दगड कुठला? तिनेच तोडगा काढला, होडीच्या टोकावर हळूच आपटा. आता निम्मी कॉलनी बघत असताना हळूच कोण आपटतो?

दणका जोरात बसला. नारळाला साधा तडा गेला नाही. तो होडीला भगदाड पाडून आत जाऊन बसला.

कुणी हसलं नाही, तेच जास्त लागलं. मला तर रडूच आलं. आबांनी भगदाडात हात घालून नारळ बाहेर काढला आणि एवढंच म्हणाले, "बांधली तूच, फोडली बी तूच. आता सांध."

पुढच्या रविवारी ठिगळ लावलेली होडी पाण्यात उतरली. ठिगळ माझं, त्यामुळे त्यावर माझाच विश्वास नव्हता. मी होडीला दोर बांधला आणि तो धरून पाण्यातून चालत निघालो. पुलाखाली पोचल्यावर आबा उताणे पडले. तेवढ्यात वरून मालगाडी गेली. सगळा पूल घुमला, पाण्यावर बारीक थरथर उठली. आबांचे डोळे भरून आले होते. माझेही आले असतील, पण मी तोवर गळ्यापर्यंत भिजलो होतो आणि मला पोहता येत नव्हतं.

"आबा, चला आता."

"सिग्नल न्हाई आजून."

काठावर म्हशी धुणाऱ्या एकाने हाक मारून विचारलं, "आबा, पान्यात कोन हाय त्यो?"

पुलावरची नजर न काढता आबा म्हणाले, "आमचं पोरगं. शंटिंगला ठिवलंय, डबं वढायला. मेन लायनीचं काम न्हाई त्याचं."

मला मान डोलवायची होती, पण पाय चिखलात रुतून पाणी नाकाशी आलं होतं.