मिरजेतला पाव

आयुष्यभर मी कॅथलिक धर्मसभेचा इतिहास शिकवला आणि आयुष्यभर लोक मला एकच विचारत आले, "तुम्ही ख्रिश्चन का हो?" नाही म्हटलं की पुढचा प्रश्न तयार असे, "मग कशाला?" पहिल्या प्रश्नाला मी हसतो. दुसऱ्याने अजूनही डोकं फिरतं. मोगलांचा इतिहास शिकवणाऱ्याला कुणी विचारत नाही, तुम्ही मोगल का म्हणून.

कशाला, याचं खरं उत्तर माझ्या वडिलांच्या छातीत होतं. आमचं गाव माण तालुक्यातलं, दहिवडीच्या पलीकडचं. पाऊस पडला तर बाजरी, नाही पडला तर शेरडं, आणि काही झालं तरी घरटी एक माणूस मुंबईच्या गिरणीत. वडील तिथे साच्यावर, म्हणजे मागावर, उभे राहून राहून खोकला घेऊन परत आले होते. मी तेव्हा सांगलीच्या कॉलेजात बी.ए. होऊन तिथेच लहानशा जागेवर चिकटलो होतो आणि एम.ए.च्या प्रबंधासाठी विषय धुंडाळत होतो. एके दिवशी ग्रंथालयात एक धूळ खाल्लेली पुस्तिका हाती लागली. मजुराला त्याची बायकापोरं नीट जगतील एवढी मजुरी मिळायलाच हवी, तो मालकाचा उपकार नव्हे, अशी रोमच्या पोपची शिकवण तिच्यात होती. मी उभ्याउभ्याच ती वाचून काढली. संपातले पुढारी असं बोलतात हे मला ठाऊक होतं. पण रोमच्या राजवाड्यात बसलेल्या धर्मगुरूला माझ्या वडिलांच्या पगाराचं काय पडलंय? या एका प्रश्नापायी मी पुढची सगळी वर्षं घालवली.

मिरजेला रेल्वेत नोकरीला असलेल्या गोव्याकडच्या कुटुंबांसाठी एक छोटं चर्च होतं. तिथले म्हातारे फादर मला लॅटिन शिकवत. शिकवत कसले, छळत. एक वाक्य चुकलं की पान पहिल्यापासून. रविवारी त्यांची प्रार्थना आटोपली की आम्ही चर्चच्या पायरीवर बसायचो, आणि धडा बरा गेला असेल तर ते मला चहा आणि पाव द्यायचे.

हा पाव मला चांगलाच भोवला. आमच्या गावचा एकजण मिरज स्टेशनावर खलाशी, म्हणजे रेल्वेचा मजूर, होता. त्याने मला फादरांच्या शेजारी बसून पाव खाताना पाहिलं. आमच्याकडे जुनी समजूत, फिरंग्याच्या पावाचा तुकडा पोटात गेला की माणूस बाटला. मी पुढच्या सुट्टीला लोणंदला उतरून मोटारीने गावी पोचलो, त्याच्या आधीच बातमी पोचली होती. गंमत अशी की वडिलांनी मुंबईत इराण्याच्या हॉटेलात रोज सकाळी चहात बुडवून पावच खाल्ला होता. पण तो मुंबईचा. मुंबईत खाल्लेला पाव पोटात जातो आणि मिरजेत खाल्लेला धर्मात, हे शास्त्र मला कुठल्या लॅटिन ग्रंथात सापडलं नाही.

आईने माझा तांब्या उंबऱ्याजवळच्या कोनाड्यात वेगळा ठेवला. वडिलांनी मला एकदा जरी विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं. पण त्यांनी विचारलं नाही, आणि मीही हट्टाने सांगितलं नाही. आमच्या घरात हट्ट वडिलोपार्जित आहे.

माझ्या तांब्याचं मी निभावून नेलं असतं. घोर होता तो धाकट्या बहिणीचा. तिची सुपारी फुटली होती, शिराळ्याकडच्या घरात. मुलगा पलटणीत, इटलीच्या लढाईतून नुकताच सुखरूप परतलेला. त्याचे वडीलही पेन्शनीतले सुभेदार. पावाची बातमी फिरली आणि तिकडून निरोप येणं बंद झालं. बहीण चुलीपुढे तोंड फिरवून बसायची. आणि मग एकदम सांगावा आला, सुभेदार स्वतः भेटायला येताहेत, त्यांना नवरीच्या भावाशी बोलायचं आहे.

"ठरलेलं मोडाय येतोय त्यो," वडील म्हणाले. भावकीतल्या थोरल्या चुलत्यांनी मला बाजूला घेतलं. "तू सांगलीलाच थांब गड्या. तू दिसला न्हाईस तर निदान तोंडावर तरी बोलायचा न्हाई." मी सांगलीला परतलो, पण त्या दिवशी तिथे थांबलो नाही. तरी गावी येताना वाटेत दोनदा मोटारीतून उतरून मागे फिरायचं मनात आलं, हे कबूल करतो. माझ्या अभ्यासापायी बहिणीचं लग्न मोडलं असतं तर मी तो अभ्यास विहिरीत टाकला असता, आणि जन्मभर विहिरीकडे बघत बसलो असतो.

सुभेदार आले. उंच, पिळदार मिशा. नागपंचमीला जिवंत नाग हाताने धरणारा माणूस अशी त्यांची ख्याती. चहा झाला, पाऊसपाण्याचं झालं. मग ते उठले आणि मला म्हणाले, "मास्तर, जरा शेरडांकडं जाऊ या का?"

गोठ्याच्या आडोशाला गेल्यावर त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. उपरण्याची गाठ सोडली. आत कथलाचा एक लहानसा बिल्ला होता, त्यावर पदर घेतलेल्या बाईचं चित्र. मी ओळखलं, येशूची आई मारिया. दाखवला न दाखवला तोच सुभेदारांनी तो मुठीत लपवला. नाग धरणारा हात तो!

"पोरगं तिकडं दवाखान्यात पडलं हुतं. लय ताप," ते दबक्या आवाजात म्हणाले. "पांढऱ्या टोप्यांच्या बाया हुत्या. त्यांनी डोस्क्यावर पाणी वतलं, त्वांडानं कायतरी मंत्र म्हनल्या आन ह्ये गळ्यात घातलं. त्याच्या आईनं द्येवाऱ्यात ठिवलं, टाकांच्या शेजारी. आता गावात कुजबुज हाय. तुमास्नी ह्यातलं सगळं कळतं म्हणं. खरं सांगा मास्तर, माजं पोरगं बाटलं का वो? तुमच्या वडलांस्नी कळलं तर सोयरीक मोडतील, म्हून मी इतकं दिस गप हुतो."

मला असं हसू फुटलं की शेरडं दचकली. सुभेदारांचा चेहरा पडला तसा मी घाईने सावरलो. आजवर मला माझ्या विषयाबद्दल गावात फक्त नोकरी लागेल का एवढंच विचारलं गेलं होतं. आणि आज एक माणूस शिराळ्याहून खास तेवढ्याचसाठी आला होता.

"मुलाने स्वतः मागितलं होतं का? मला ख्रिस्ती करा, असं म्हणाला होता?"

"छ्या! त्यो भाकरी मागत हुता."

मग मी त्यांना समजावून सांगितलं. मोठ्या माणसाने आपल्या तोंडाने मागितल्याशिवाय, आधी शिकल्याशिवाय, त्याला ख्रिस्ती करता येत नाही. हा त्यांच्याच धर्माचा नियम आहे, जुना आणि कडक. नकळत पाणी ओतून कुणी बाटत नाही. तापात डोक्यावर पाणी सगळेच ओततात. त्या बायांनी आपल्या देवाकडे त्याच्यासाठी आयुष्य मागितलं असेल, एवढंच.

"पुस्तकात हाय ह्ये?"

"आहे. मी दाखवतो, पण लॅटिनमध्ये आहे."

"मग ऱ्हाऊ द्या." त्यांनी मोठा श्वास सोडला आणि दगडावर बसकण मारली. मग माझ्याकडे तिरकं पाहिलं. "आन तुमी? पावाचं ऐकलं आमी."

"मीही काही मागितलं नव्हतं. धडा बरा गेला की फादर देतात."

सुभेदार मांडी थोपटून हसले. घरात जाऊन त्यांनी बिल्ला सगळ्यांसमोर घोंगडीवर ठेवला आणि म्हणाले, "पावणं, माजं पोरगं बाटलं न्हाई, आन तुमचं बी न्हाई. मास्तरनं कायदा सांगितलाय. तिथी काढा." आई रडायला लागली. चुलीकडून भांडं पडल्याचा आवाज आला. माझ्या छातीवरची धोंड उतरली आणि मला एकदम सपाटून भूक लागली.

वडिलांनी बिल्ला उचलून उजेडाकडे धरून पाहिला. सुभेदार हात धुवायला बाहेर गेले तेव्हा त्यांनी मला पहिल्यांदा विचारलं, "एवढं शिकतूस त्ये हाय तरी काय रं त्यात?"

मी सांगितलं. मजुराला बायकापोरांना पुरेल एवढी मजुरी द्यायलाच हवी, ती त्याच्या हक्काची आहे, असं त्यात म्हटलंय.

त्यांना खोकल्याची उबळ आली. ती ओसरेपर्यंत मी थांबलो.

"म्हून घेतलास व्हय ह्यो इषय," ते म्हणाले. मग हात लांब करून त्यांनी कोनाड्यातला माझा तांब्या घेतला, तोंडाला लावला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.