मंडळ आठवं आलं

ओडेसा टार्पली मिसिसिपीतल्या आमच्या कॉलेजगावात पोरांच्या एका मंडळाच्या घरी, म्हणजे कॉलेजची पोरं एकत्र राहतात तिथं, स्वयंपाक करायची. मी शेजारच्या पोरींच्या मंडळात स्वयंपाकाला. नवरा गेल्यावर दोन मुलींची शिक्षणं तिनं त्याच चुलीवर केली.

कोणतं मंडळ वरचं, हे विद्यार्थी इंटरनेटवर मतं देऊन ठरवत. वरच्या मंडळापुढं नव्या पोरांची रांग लागे, पोरींच्या वरच्या मंडळातल्या मुलीही तिथल्याच पार्टीला जात. त्या हिवाळ्यात ओडेसाचं घर दुसऱ्यावरून आठवं आलं. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'तिथं हल्ली कुणालाही घेतात.' अध्यक्ष प्रेस्कॉट लाइल जेवता जेवता म्हणाला, नवी पोरं फार लाडावलीत.

दुसऱ्याच दुपारी तळघरात नव्या पोरांना लाकडी फळीनं मार सुरू झाला. ओडेसा वर मासे तळत होती. असं थोडं दरवर्षी चालायचं, पण ह्या वेळी आवाज थांबेना. शेवटी दोघांनी टकर हाल्डेन नावाच्या नव्या पोराला वर आणून कोठीच्या फरशीवर टाकलं. पँट रक्तानं भिजलेली, ओठ राखेसारखे.

तिनं फोन उचलला. प्रेस्कॉटनं तिचं मनगट पिरगाळलं.

"मिस ओडेसा, दाराशी ॲम्ब्युलन्स दिसली तर आम्ही तळाला जाऊ. झोपू दे त्याला."

"झोपला तर उठायचा नाही. हात सोड, बाळा."

त्यानं सोडला नाही. तिनं दुसऱ्या हातानं बिडाचा तवा उकळत्या तेलासकट उचलला आणि त्याच्या कोपरावर हाणला. त्याची किंकाळी मला कुंपणापलीकडं ऐकू आली. मी धावत गेले तेव्हा ती भाजलेल्या हातात फोन धरून पत्ता सांगत होती.

टकर वाचला, एक मूत्रपिंड काढावं लागलं. ओडेसाची नोकरी गेली. प्रेस्कॉटवर खटला भरला गेला. आणि महिन्याभरात मंडळ तिसरं आलं. 'खरे मर्द तिथंच घडतात,' पोरं लिहीत होती.

मग टकर तिच्या दारात आला, मंडळाची टोपी घालून. मी जिन्यावरून पडलो असं कोर्टात सांगा, म्हणाला.

"आता आपण तिसरे आहोत, मिस ओडेसा. मला काढून टाकतील."

तिनं त्याला बसवून खाऊ घातलं. मग शर्ट वर करायला लावला. टाक्यांची जागा अजून लाल होती.

"तू हवं ते सांग," ती म्हणाली. "मी पाहिलं तेच सांगणार."

साक्षीच्या दिवशी मी तिच्यासोबत गेले. टकर प्रेस्कॉटच्या शेजारी बसला होता. ओडेसानं त्याच्याकडं एकदा पाहिलं आणि फळीच्या पहिल्या आवाजापासून सांगायला सुरुवात केली.