राहण्यासारखा ग्रह

आमच्या कार्यालयात एक कारकून होते, त्यांना आकाशाचं वेड होतं. नवा ग्रह सापडल्याची बातमी आली की टेबलावर थाप मारून सांगायचे, "पाहा, तिथं मानूस राहू शकते म्हनते!"

एकदा त्यांच्यासोबत सिंदी मेघे गावात त्यांच्यासाठी भाड्याची खोली पाहायला गेलो. मालकानं खोली दाखवली, मग त्यांचं आडनाव विचारलं. ते ऐकताच म्हणाला, "अरे, ही तर कालच दिली."

रस्त्यात मी समजूत घातली, "जाऊ द्या भाऊ. पुढच्या पिढ्या दुसऱ्या ग्रहावर राहतील."

ते संतापून थांबले. "तिथं पयले कोन पोचन? हाच मालक! अन् तिथंबी आडनाव इचारन!"

तसेच माघारी फिरले आणि फाटकाशी उभं राहून गल्लीभर ऐकू जाईल असं आपलं आडनाव ओरडले. "कालच दिली ना? मंग भाडेकरू दाखव!"

मालकानं आतून कडी लावली. ते फाटक वाजवतच राहिले. मग मीही वाजवू लागलो.