कारभारीमामाची उजळलेली बाही

आमचा कारभारीमामा मूर्ख नव्हता. पण एखादी गोष्ट त्याच्या डोक्यात शिरली की ती बाहेर काढायला पहार लागायची. दिंडोरीहून वणीकडे जाताना रस्त्यालगत त्याची द्राक्षबाग होती. बागेवर फवारायचं मोरचूद आणि चुन्याचं पाणी तो शेडमधल्या पिंपात स्वतः कालवायचा, आणि काठी शेजारी असताना हाताने. चतुरामामी ओरडायची, "अहो, त्याच हातानं भाकरी मोडताय!" मामा म्हणायचा, "काठीला कळतंय व्हय, गुठळी ऱ्हायली का नाय ते?"

२००३च्या मार्गशीर्षात त्याचा सालगडी बुधा नाहीसा झाला. बुधा सुरगाण्याकडचा, डोंगरातला. कामाला वाघ, बोलायला मुका. आदल्या संध्याकाळी त्याने सुट्टी मागितली. बागेत काम तुंबलेलं, मामाचं डोकं फिरलेलं. पुढचं काही ऐकून न घेता मामाने त्याला शेडमध्येच एक थापड ठेवून दिली. बुधा धडपडला, उठला आणि अवाक्षर न बोलता निघून गेला. सकाळी तो नव्हता.

चार दिवसांनी कालव्यात एक प्रेत सापडलं. ओळख पटण्यासारखं नव्हतं. बुधाच्या पाड्यावर हवालदार गेला, तर घराला कडी आणि पाड्यावर सांगायला कुणी नाही. बांधावरच्या शेजाऱ्याने भांडणाची बातमी आधीच पोचवली होती, असे लोक गावोगाव असतातच. मामीचा फोन आला तसा मी कॉलेज टाकून धावलो. मी गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचो.

पोलिसांबरोबर न्यायवैद्यक प्रयोगशाळेच्या एक बाई आल्या होत्या. भरदुपारी शेडचं दार लावून, फटींत पोती कोंबून त्यांनी अंधार केला. पंच, फौजदार, मामा आणि मी आत. बाईंनी जमिनीवर रक्ताचे डाग शोधायचं ल्युमिनॉल फवारलं आणि आमच्या पायाखाली निळा उजेड पसरला. मग त्यांनी खुंटीवरच्या सदऱ्यावर फवारा मारला. मामाची उजवी बाही अंधारात कोपरापर्यंत उजळून निघाली.

बाई म्हणाल्या, "हा नुसता इशारा आहे, निकाल नव्हे. रक्तानं उजळतं, तसं तांब्यानंही उजळतं. इथं फवारणीचं सामान आहे, नमुने तपासायला लागतील."

मोरचूद म्हणजे तांबंच की! मी सुटकेचा निःश्वास टाकला. पण मामाचं बाईंकडे लक्षच नव्हतं. तो बाहीकडे बघत होता.

"साहेब," तो फौजदारांना म्हणाला, "झाला असंल खून माझ्या हातनं."

मला वाटलं, आता यालाच एक ठेवून द्यावी. "मामा, काय बोलतोस? तो उठून गेला ना?"

"गेला... आसं वाटतंय मला. पडला तेव्हा डोकं आपटलं का काय? मी बघितलं नाय रे, किशोर. पाठ फिरवली मी. आन् हे बघ की, दिसतंय समदं!"

दोन दिवस चौकीत बसून मामा तेच घोकत राहिला. एकदा म्हणे एकच मारली, एकदा म्हणे दोन. एकदा तर बुधाने पाणी मागितलं होतं असं सांगू लागला. मला राग यायचा आणि रडूही यायचं. न केलेलं आठवणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो.

तिसऱ्या दिवशी बुधा स्वतःच्या पायांनी चौकीत आला. डोंगऱ्या देवाचं व्रत धरून तो गावच्या मंडळींबरोबर डोंगरावर होता. व्रतात घरी जायचं नाही, कुणाला निरोप नाही, त्यामुळे खालचा गोंधळ त्याला व्रत उतरवून बागेवर परतल्यावरच कळला. कालव्यातलं प्रेत भलत्याच कुणाचं तरी निघालं. मामाने बुधाचं डोकं, खांदे, पाठ चाचपून पाहिली आणि मला विचारलं, "मग बाही का उजळली?"

मी मोरचुदाचं सांगितलं. पुन्हा सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी! शेवटी म्हणालो, "चल कॉलेजात, दाखवतो."

आला. बुधालाही घेऊन आला, कारण त्याला नजरेआड करायची मामाला भीती वाटत होती. दोघं अकरावीच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसले. मी पडदे ओढले, चंचुपात्रात ल्युमिनॉल घेतलं आणि त्यात मोरचुदाचं पाणी सोडलं. निळा उजेड पडला. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"बघ मामा! रक्ताचा थेंब नाही यात."

"म्हंजे माझ्या हातनं काय झालंच नाय?" मामाने विचारलं. त्याचा चेहरा इतक्या दिवसांत पहिल्यांदाच सैल पडला होता.

"काहीच नाही," मी म्हणालो आणि पडदे उघडले.

बुधा सहसा बोलायचा नाही. पण आता हळूच म्हणाला, "सर, थापड कशानं दिसंल?"

पोरं हसली. मी खडू हातात घेतला आणि परत ठेवला. मामा बाकावरून उठला, टोपी काढली, पुन्हा घातली. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना.

"बुधा," तो म्हणाला, "सुट्टी मागत व्हतास, ते व्रत कशापायी व्हतं रं?"

"नवस व्हता, मालक," बुधा म्हणाला. "पोरगी मरता मरता वाचली."