आत्याची झुरळं

आमच्या घरात झुरळांना जेवढा मान होता तेवढा पाहुण्यांनाही नव्हता. आत्या, म्हणजे वडिलांची धाकटी बहीण, ती बरणीत पाळायची आणि भिंगाखाली त्यांच्या मिशा बघत बसायची. आई नाक मुरडायची. "वन्सं, लोक मांजर पाळतात," एवढंच म्हणायची.

कारण मात्र हसण्यासारखं नव्हतं. मी शाळेत असताना वडिलांच्या पायाला पत्रा लागला, जखम चिघळली, ताप उतरेना. नेमका जंतू कळल्याशिवाय नेमकं औषध देता येईना. जखमेतला पू तपासायला गेला तो आत्याच्याच प्रयोगशाळेत. तिथे जंतू बशीत वाढवून मग ओळखायचे. "विरजण लावल्यासारखं असतं, वहिनी. थांबावंच लागतं," तिने आईला समजावलं. आई सारखी फोन करून विचारायची, "लागलं का?" रिपोर्ट हातात आला तेव्हा वडील गेले होते.

त्यानंतर आत्या त्या थांबण्याच्याच मागे लागली. मिशीवरच्या बारीक केसांना नुसता धक्का लागला तरी झुरळाला कळतं. तसेच केस तिने नखाएवढ्या काचेवर उभे केले, डोळ्यांना न दिसणारे. त्यांना असा लेप लावला, की ठरावीक जंतूच येऊन चिकटावा. तो चिकटला की केस वाकतो आणि यंत्र खूण देतं. सांगायला सोपं आहे. करता करता तिचे स्वतःचे केस पिकले. सुरुवातीला तर कुणी शिंकलं तरी काचेवरचे केस वाकायचे. सुट्टीत मी तिच्या प्रयोगशाळेत जायचे तेव्हा दारातच दम मिळायचा, "नाक पुसून ये." त्या खोलीची, तिच्या त्या डाफरण्याची मला फार आठवण येते.

पुढे ती काच दवाखान्यांत पोचली. आत्या निवृत्त झाली आणि आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. जखम चिघळली, तसाच ताप चढला. पण आमचा चहा संपायच्या आत सिस्टरने जंतूचं नाव सांगितलं आणि औषध सुरू झालं.

ताप उतरल्यावर आईने विचारलं, "एवढाच वेळ लागतो होय, वन्सं?"

मला वाटलं, आत्या खूश होईल. ती आईच्या पायाशी बसून चादर सारखी करत राहिली.

"मला उशीर झाला, वहिनी," ती म्हणाली.