कुत्रीच्या खोलीची भुई

आमच्या कुत्रीच्या खोलीत कसली जमीन करावी यावर वडिलांनी जेवढा खल केला, तेवढा पुढे माझ्या स्थळांवरही केला नाही. धरमपेठेतल्या घराची मागची खोली तिच्या बाळंतपणासाठी रिकामी केली होती. तिथलं सिमेंट पार उखडलं होतं. लिनोलियम वडिलांनी दुकानात चक्क नाकाला लावून हुंगलं आणि तिथंच टाकून आले. "वास मलेच चढून राहिला, ती तर त्याच्यावर झोपणार," म्हणाले. पॉलिशच्या फरशीवर तिचे पाय घसरणार. शहाबादी थंडीत गारठणार. शेवटी मुरूम चोपून शेणानं सारवायचं ठरलं. मातीत कुठलं आलंय केमिकल? शहरात राहून ही उलटी गंगा कशाला, असं आई म्हणाली, पण ऐकतो कोण!

सारवायला उमरेडकडच्या खेड्यातून आत्या आली. वडिलांची ही थोरली बहीण, घरची शेती कपाशीची. सारवणात गावात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. नव्या सुना तिच्याकडूनच शिकायच्या. कुत्रीवर तिचा फार जीव. भाकरीचा पहिला तुकडा कुत्रीला, मग आम्हाला. भुई वाळली आणि कुत्री तिथंच व्याली.

पिल्लांचे डोळेही उघडले नव्हते. मी कॉलेजातून आले आणि दारातच थिजले. पिल्लं थरथरत होती, त्यांची आई तोंडातून फेस गाळत पाय झाडत होती. वडील धावत जाऊन जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन आले. त्यांनी कुत्रीला पिल्लांसकट ओसरीत हलवलं, साबणाच्या पाण्यानं धुवायला लावलं, कुत्रीला इंजेक्शन दिलं आणि विचारलं, "खोलीत काही फवारलं होतं का?"

"छे हो! साधं शेण," वडील म्हणाले, आणि तेही अभिमानानं.

"काही नाही जी," आत्या पदर सावरत म्हणाली. "पिसवा होऊ नये म्हनून शेनात पावडर कालवली थोडी. कपाशीवर मारतो ना आमी, तेच. घरूनच आनली होती पुडीत."

"बाई, अवं ते जहर आहे वं! काहून टाकलं तुनं?" वडील ओरडले. मला तर तिचा असा संताप आला, की तिला हाताला धरून घराबाहेर काढावंसं वाटलं.

कुत्री वाचली. एक पिल्लू मात्र माझ्या मांडीवरच गार झालं. आत्या त्याच्याकडे बघत भिंतीला टेकून बसली होती. ती आता रडेल असं मला वाटलं, पण तिचा चेहरा पांढराफटक पडत गेला.

"घरी तर आमी दर वेळेस असंच सारवतो," ती वडिलांना म्हणाली. "नातू त्याच भुईवर रांगून राहिला गा."

माझा राग कुठल्या कुठे पळाला. दोघं तशीच उमरेडच्या एसटीला धावली.

वडील परतले ते हादरलेलेच. नातू ठणठणीत होता. आत्यानं घरची भुई स्वतः कुदळीनं खणून काढली होती आणि मग ती गावभर ओरडत फिरली होती, "लेकरं उचला वं भुईवरून!" कारण घरोघरी शेणात तीच पावडर होती, आणि ती कालवायला साऱ्या गावाला तिनंच शिकवलं होतं.