ताप नसल्याचा अर्ज

दुसऱ्यांचे रजेचे अर्ज वाचायला मला फार आवडतं. खोटं कशाला बोलू? कोल्हापूरच्या एमआयडीसीत, पंपाचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी टाईम ऑफिसला बसते. बारा वर्षं झाली, पण अजून सकाळी चहाच्या आधी अर्जांचा गठ्ठा लागतो. माणूस रजा कशाला घेतो आणि कागदावर काय लिहितो, हे ताडून बघण्यात जी गंमत आहे ती टीव्हीवर नाही.

आमच्याकडची किरकोळ रजा जोतिबाची यात्रा आणि गौरी-गणपती यांतच संपते. हक्काच्या रजेला पंधरा दिवस आधी अर्ज लागतो. मग उरते आजारपणाची. गावची जत्रा, मेहुण्याचं लग्न, म्हैस व्यायली, सगळं त्याच रजेत बसवायचं. कारणं लिहिताना लोक इतका घोळ घालायचे, की वैतागून मीच एक नमुना अर्ज भिंतीवर चिकटवला. 'मला ताप व अंगदुखी असल्याने...' खाली नाव, तारीख, सोबत डॉक्टरांचा कागद. सगळे खूश. मीही खूश, आपण लोकांची केवढी सोय केली म्हणून!

मग एका पावसाळ्यात कृष्णेला पूर आला आणि शिरोळकडचे रस्ते नऊ दिवस बंद पडले. आमचे पंधरा जण तिकडचे. पाणी उतरल्यावर चौदा जणांनी माझ्या टेबलावर चौदा ताप आणून ठेवले. पंधरावा म्हणजे लेथवरचा एक ऑपरेटर, चाळिशीतला, कमी बोलणारा. त्याच्या अर्जात लिहिलेलं, 'माझी तब्येत चांगली होती. रस्ता पाण्यात होता. घरी म्हातारी आई व दोन म्हशी आहेत, त्यांना उंचावर नेले. म्हणून आलो नाही.'

माझं डोकंच फिरलं. मंजूर रजेशिवाय सलग आठ दिवसांच्या वर गैरहजर, तर पटावरून नाव कमी, असा आमचा नियम. पुरासाठी रजा कुठल्याच रकान्यात नव्हती. शनिवारी हजेरी मॅनेजरसाहेबांकडे जाणार होती आणि या बाबाची नोकरीच जाणार होती.

"अहो, ताप लिहा की!"

"ताप न्हवता, म्याडम."

"त्या चौदा जणांना तरी होता का?"

"त्यांचं त्यास्नी म्हाईत. मी लिवणार न्हाय."

"नाव कमी होईल. कळतंय का?"

"व्हय."

व्हय म्हणे! एवढं बोलून गडी मशीनवर निघूनही गेला.

आता मला चैन पडेना. लिहिलं की खरंच आजार येतो अशी भीती असेल? डॉक्टरशी भांडण असेल? कँटीनमध्ये चौकशी केली, तर "आडमुठा हाय, द्या सोडून" एवढंच कळलं. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मीच कोरा कागद घेऊन त्याच्या लेथपाशी गेले. म्हटलं, तुम्ही नुसती सही करा, बाकीचं मी बघते. त्यानं चिंधीला हात पुसले, पण पेन घेतलं नाही.

"दोन वर्सांमागं माझ्या पोटात दुखत हुतं. तुमच्याकडं गेटपास मागाय आलतो. तुमी काय म्हणलासा, आठवतंय?"

मला आठवेना. दिवसाला दहा जण येतात.

"कुठली जत्रा हाय ओ आज, असं म्हणलासा. सगळी हसली. मी बी हसलो. माघारी आलो, पाळी पुरी केली. घरी गेलो आनि अपेंडिक्स फुटलं."

त्याची महिनाभराची रजा मीच भरली होती. कारणसुद्धा आवडीनं वाचलं होतं. पण त्या दिवसाचा गेटपास कुठंच नोंदलेला नव्हता, कारण मी तो दिलाच नव्हता.

"रागानं न्हाय सांगत," तो म्हणाला. "आदल्या साली जत्रंला मी बी तापच लिवलाता की. तुमी तरी कसं वळखणार? तवापास्नं ठरिवलं, आजारी लिवायचं ते आजारी असल्यावरच. म्हंजी परत कवा खरं दुखलं, तर तुमाला कळंल."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कोरा कागद तसाच घडी घालून मी परत आले.

शनिवारी हजेरीबरोबर त्याचा अर्ज घेतला, भिंतीवरचा नमुना काढला आणि दोन्ही साहेबांपुढे ठेवले.

"एकाला पूर आणि चौदा जणांना ताप?" साहेबांनी विचारलं.

"पूर पंधराही जणांना होता, साहेब. ताप माझ्या भिंतीवरचा आहे."

त्यांनी मला अर्धा तास झाडलं. बरोबरच होतं. मग त्यांनी वरिष्ठांना फोन लावला आणि ठरलं, की पंधरा दिवसांची अट यावेळेपुरती सोडून सगळ्यांचे नऊ दिवस हक्काच्या रजेत धरायचे. चौदा जणांनी अर्ज नव्यानं द्यायचे. त्याचं नाव पटावर राहिलं.

चौदा जण आले आणि मोकळ्या भिंतीकडे बघत म्हणाले, "म्याडम, नमुना?"

"नमुना नाही. जे झालं ते लिहा."

ते सरळ त्याच्या लेथपाशी गेले. संध्याकाळी माझ्याकडे चौदा अर्ज आले, आणि प्रत्येकात एक म्हातारी आई व दोन म्हशी! त्यातला एक जण जयसिंगपुरात दुसऱ्या मजल्यावर फ्लॅटमध्ये राहतो. हसून हसून माझे डोळे भरून आले.

गेल्या महिन्यात तो लेथवाला माझ्या खिडकीशी आला. "म्याडम, चक्कर आल्यागत हुतंय. अर्धा दिवस पायजे." बाहेर आमच्याच भागातल्या जत्रेची हलगी वाजत होती. बारा वर्षांची सवय, प्रश्न जिभेवर येऊन बसला. मी तो गिळला आणि पासवर सही केली.

पास घेऊनही तो तिथंच उभा.

"आता काय राहिलं?"

"काय न्हाय. इच्यारलं न्हाईसा, म्हणून थांबलो," तो म्हणाला, आणि कपाळाला हात लावून हळूहळू गेटकडे गेला.